असाध्य आजार, इच्छामरण आणि लिव्हिंग विल: गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

मी ३१ वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली. निवृत्तीनंतर फोंडा आणि सत्तरी तालुक्यांत असाध्य आजाराच्या रुग्णांना घरी जाऊन भेटते. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत किंवा देवळाच्या सभामंडपात या विषयावर बोलायलाही जाते. तिथे सगळ्यांसमोर कुणी काही विचारत नाही. रात्री मोबाईलवर मात्र प्रश्न येतात, बहुतेक वेळा "ताई, एका ओळखीच्यांसाठी विचारतोय" अशी सुरुवात करून. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. तुमचं माणूस आत्ता आयसीयूत असेल आणि सगळं वाचायला वेळ नसेल, तर आधी प्रश्न ११ ते १४ वाचा.

१. लिव्हिंग विल म्हणजेच इच्छामरण ना?

नाही. 'इच्छामरण' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, डॉक्टरने औषध टोचून जीव संपवणं. दुसरी, डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते आपल्या हाताने घ्यायचं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून ही दुसरी पद्धत कायदेशीर आहे, तीही सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं निदान झालेल्या प्रौढांसाठीच. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून पहिलीलाही परवानगी आहे. तिसरी गोष्ट म्हणजे ज्यांनी माणूस बरा होणार नाही, फक्त मरण लांबेल, असे उपचार सुरू न करणं किंवा सुरू असतील तर थांबवणं.

भारतात फक्त तिसरी मान्य आहे. कोर्टाच्या निकालांत तिला निष्क्रिय इच्छामरण म्हटलंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१८ मध्ये हा शब्द वापरू नये असं सुचवलं आणि मला ते पटतं. 'मरण' हा शब्द कानावर पडला की घरच्यांना वाटतं, आपण सही करून बाबांना मारतोय. लिव्हिंग विल हा कागद या तिसऱ्या गोष्टीपुरताच आहे: मला बोलता येईनासं झालं तर कुठले उपचार करू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल.

२. आम्ही सगळे भावंडं लिहून द्यायला तयार आहोत. गोव्यात डॉक्टर इंजेक्शन देऊन सोडवू शकतात का?

नाही. सगळ्या भावंडांनी सह्या केल्या तरी नाही, आणि रुग्णाने स्वतः लिहून दिलं तरी नाही. प्रौढ माणसाच्या स्वतःच्या संमतीने त्याचा जीव घेतला तर भारतीय न्याय संहितेत तो खून धरत नाहीत, पण सदोष मनुष्यवध धरतातच. गोळ्या आणून हातात दिल्या तर आत्महत्येला साहाय्य केल्याचा गुन्हा, कलम १०८, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. कृपा करून कुठल्याही डॉक्टरला किंवा नर्सला हे मागू नका. मला तीन वेळा मागितलंय. असं मागणाऱ्याला पुष्कळदा मुळात काय हवं असतं ते पुढच्या प्रश्नात सांगते.

३. माणूस स्वतः म्हणतोय "मला सोडवा". त्याच्या मर्जीला काही किंमत आहे की नाही?

आहे, आणि म्हणूनच ती मर्जी नेमकी कशाची आहे हे आधी समजून घ्यायला हवं.

सत्तरीतल्या एका गावात जबड्याच्या कॅन्सरचा रुग्ण होता. बोलता येत नव्हतं, म्हणून नातीची पाटी उशाशी ठेवलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने पाटीवर एकच शब्द लिहिला: "पुरो". मी म्हटलं, दादा, काय पुरो ते सांगा. बराच वेळ खडू हातात धरून बसला, मग लिहिलं, "वास". पुसलं आणि लिहिलं, "रात".

गालावरची जखम उघडी पडली होती आणि तिचा वास घरभर होता. नातीला आजोबांच्या खोलीत येऊ देत नव्हते. रात्री वेदना चढायची आणि औषध संध्याकाळीच संपलेलं असायचं. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणाऱ्या) गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर भुरभुरायला सुरुवात केली. मॉर्फिन दर चार तासांनी, झोपताना दुप्पट. चौथ्या दिवशी वास उतरला. पुढच्या आठवड्यात गेले तर नात त्याच खाटेवर बसून पाटीवर पाढे लिहीत होती आणि तो चुका दाखवत होता. पाच आठवडे जगला. "पुरो" पुन्हा लिहिलं नाही.

हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हणजे चांगली सेवा दिली की मरण कुणी मागतच नाही. तसं मी म्हणणार नाही. फोंड्याजवळ एक शिक्षिका होत्या, मज्जातंतूंचा आजार, हातपाय गेलेले, बुद्धी लख्ख. वेदना नव्हती, घरचे जीव टाकायचे. तरी त्या शांतपणे म्हणायच्या, "मला हे असं पडून राहणं नको आहे, आणि ही निराशा नव्हे, नीट विचार करून सांगतेय." त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्वासाचं मशीन लावायचं नाही हा त्यांचा निर्णय मात्र आम्ही शब्दशः पाळला. कायद्याने तेवढं करता येत होतं.

तेव्हा कुणी "सोडवा" म्हणालं की गप्प करू नका, देवाचं नाव घ्या असंही म्हणू नका. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, कशातून. वेदना, श्वास, वास, एकटेपणा, खर्च, अंगावरचे कपडे दुसऱ्याने बदलण्याची लाज यांतलं काहीतरी बाहेर येतं आणि यातलं पुष्कळसं हाताळता येतं. त्यानंतरही मागणी तशीच राहिली, तर ती त्या माणसाची विचारपूर्वक मागणी आहे असं समजा.

४. उपचार थांबवले काय आणि इंजेक्शन दिलं काय, शेवट तर एकच. मग नैतिक फरक कुठे राहिला?

मला आलेला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्ये हेच विचारलं होतं: हेतू तोच आणि परिणाम तोच असेल, तर 'मरू देणं' हे 'मारण्या'पेक्षा आपोआप चांगलं कसं? उलट मरू देण्यात माणूस जास्त दिवस हाल सोसतो, असंही त्यांचं म्हणणं होतं.

माझं मत असं. उपचार हा माझ्या अंगावर केलेला स्पर्श आहे. माझ्या घशात नळी घालायला माझी परवानगी लागते आणि दिलेली परवानगी मी परत घेऊ शकते. नळी काढल्यावर मी मेले, तर आजाराने मेले. नळी नसती तर आधीच मेले असते. इथे डॉक्टर माझ्या नकाराचा मान राखतात. इंजेक्शनात नकाराचा प्रश्न नसतो. तिथे मी दुसऱ्या माणसाकडे एक कृती मागते. पहिला हक्क मी कुणालाही पूर्ण देईन, कारण तो नाकारणं म्हणजे माणसावर बळजबरी करणं. दुसऱ्याबद्दल मी आजच्या घडीला 'नको' म्हणते आणि माझं कारण धर्माचं नाही.

कारण 'भार' या शब्दात आहे. आपल्याकडे म्हातारी माणसं तो सहज वापरतात. "मुलांवर भार नको." पेन्शन नसलेली विधवा, दिवसभर ज्या सुनेवर अवलंबून आहे तिचा चेहरा वाचत असते. अशा घरात इंजेक्शनचा पर्याय नुसता उपलब्ध असला, तरी तो न मागणं हा तिला स्वतःचा स्वार्थ वाटू लागेल. तिला कुणी एक शब्द बोलायचीही गरज पडणार नाही. ओरेगॉनचे वार्षिक अहवाल पाहिले तर तिथे लोक औषध मागण्याची जी कारणं सांगतात, त्यांत वेदना सर्वांत वर नसते. आपलं आपण काही करता न येणं, आवडीचं काही न उरणं, प्रतिष्ठा जाणं ही कारणं वर असतात, आणि घरच्यांवर भार होण्याची भीतीही बरेच जण सांगतात. कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला तो मृत्यू जवळ आलेल्यांसाठी. २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्यांनाही तो खुला झाला. हद्द सरकते, हे त्यावरून दिसतं.

माझ्या भूमिकेची किंमत प्रश्न ३ मधल्या शिक्षिकाबाईंसारखी माणसं मोजतात. हे मला ठाऊक आहे आणि त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या लोकांना मी निर्दय समजत नाही.

५. मॉर्फिन म्हणजे हळूहळू मारणंच ना? डॉक्टरांनी सुरू केलं की माणूस जातो असं ऐकलंय.

माणूस जातो, कारण मॉर्फिन फार उशिरा, शेवट जवळ आल्यावर सुरू केलं जातं. कमी मात्रेपासून सुरू करून वेदनेच्या मापाने वाढवलेलं तोंडी मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. वेदना थांबली की माणूस झोपतो आणि जेवतो. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ वाटते, ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध हवं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ते सोपं केलं. तरी सगळ्या फार्मसीत मिळत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, "तोंडी मॉर्फिन कुठे मिळेल?" गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा कॅन्सरचे उपचार चालतात तिथे आधी चौकशी करा.

६. आपल्या धर्मात हे पाप नाही का?

आत्महत्येला आपल्याकडे पाप मानलंय. पण आयुष्याचं काम संपलं असं जाणून अन्न सोडणाऱ्याला त्याच मापाने मोजलेलं नाही. प्रायोपवेशन हा जुना शब्द त्यासाठीच आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीला कुणी आत्महत्या म्हणत नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि दिवाळीच्या दिवशी देह ठेवला. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक केला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये स्वतः तसेच गेले. जैनांच्या सल्लेखनेवर (अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्याच्या व्रतावर) राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी घातली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

पण थोरांच्या गोष्टी रुग्णाच्या उशाशी बसून सांगू नका. विनोबांनी अन्न सोडलं तो त्यांचा निर्णय होता. आपल्या आजीने घास नाकारला की ते प्रायोपवेशनच असतं असं नाही. कधी तोंडात बुरशी झालेली असते आणि गिळताना आग होते. बॅटरी घेऊन आधी तोंड बघा.

७. माझी सून कॅथलिक आहे. ती म्हणते व्हेंटिलेटर काढणं चर्चला मान्य नाही. खरं आहे का?

इंजेक्शन देऊन किंवा औषध हातात देऊन जीव संपवणं चर्चला मुळीच मान्य नाही. पण प्रत्येक उपचार शेवटपर्यंत केलाच पाहिजे असं चर्च म्हणत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना सांगितलं की असाधारण उपाय करण्याचं बंधन नाही. व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणेनेही, मृत्यू अटळ असताना त्याला फक्त वेदनामय लांबण देणारे उपचार नाकारण्याची मुभा दिली. अन्नपाण्याच्या नळीबद्दल भूमिका जास्त कडक आहे: ती साधारण शुश्रूषा मानली जाते, शरीर ते स्वीकारू शकत असेल तोवर. सुनेला तिच्या पाद्रींशी बोलू द्या. आमच्या भागात असे दोन पाद्री रुग्णाच्या घरी येऊन कुटुंबाला हे समजावून गेले आहेत, आणि माझ्या दहा भेटींपेक्षा त्यांच्या एका भेटीचा उपयोग जास्त झाला.

८. गोव्यात लिव्हिंग विल कसं करायचं? वकील लागतो का?

वकील सक्तीचा नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा हक्क मान्य केला, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावं लागायचं आणि जवळजवळ कुणी जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ही अट काढली. आता तुम्ही १८ वर्षांच्या वर असाल, शुद्धीत असाल आणि दबाव नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करायचा. साक्षीदार शक्यतो हितसंबंध नसलेले हवेत. वाटणीत हिस्सा असलेला पुतण्या नको. तुमच्या वतीने संमती देणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या माणसांची नावं त्यात हवीत.

मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं. गोव्यातलं ते पहिलं, आणि ही व्यवस्था प्रत्यक्ष राबवणारं पहिलं राज्य म्हणून तेव्हा गोव्याचं नाव झालं.

एक प्रत नाव दिलेल्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक पंचायत किंवा नगरपालिकेच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे. मी अजून एक करायला सांगते: कपाटाच्या दाराला आतून एक झेरॉक्स चिकटवा आणि घरच्यांना दाखवून ठेवा. रात्री अडीच वाजता बँकेचा लॉकर उघडत नाही. विचार बदलला तर केव्हाही रद्द करता येतं, फक्त ते लेखी करा आणि जुन्या प्रती परत घ्या.

९. त्यात लिहायचं काय? "मला शांत मरण द्या" एवढं पुरेल का?

पुरणार नाही. संदिग्ध कागद डॉक्टर अमलात आणू शकत नाहीत. कुठल्या स्थितीत आणि काय नको, हे साध्या मराठीत लिहा. उदाहरणार्थ: "मला बरा न होणारा आजार असेल, मी पुन्हा भानावर येऊन माणसं ओळखण्याची आशा नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं आणि नाकातली नळी नको. सुरू केले असतील तर थांबवा. वेदना, धाप आणि घाबरेपणा यांवरचे औषधोपचार मात्र पूर्ण हवेत, त्यामुळे गुंगी आली तरी चालेल." शेवटचं वाक्य विसरू नका. काय नको ते लोक भरभरून लिहितात, काय हवंय ते लिहायचं राहून जातं. मृत्यू घरी हवा की हॉस्पिटलात, हेही लिहा.

१०. पंचायतीत गेलो तर सचिव म्हणाले, असलं काही आम्ही घेत नाही. आणि मृत्युपत्रातच हे लिहून टाकलं तर नाही चालणार?

आमच्या एका ओळखीच्या काकांनाही असंच परत पाठवलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशातला, प्रत ठेवून घेण्याबद्दलचा परिच्छेद छापून, साध्या अर्जासोबत आवक विभागात दिला आणि पोच घेतली. तुम्हीही तसंच करा, वाद घालू नका. पंचायतीने ठेवून घेतला नाही म्हणून कागद रद्द होत नाही.

मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, कारण ते उघडतं माणूस गेल्यावर. गोव्यात हा घोळ जास्त होतो, कारण आपल्याकडे मृत्युपत्र करायची नोटरीची वेगळी पद्धत आहे आणि वारसाहक्काचे नियमही वेगळे. मालमत्तेचा एक शब्दही लिव्हिंग विलमध्ये आणू नका. दोन कागद वेगळे, शक्यतो वेगळ्या दिवशी.

११. आई आयसीयूत आहे, तिचं लिव्हिंग विल आहे. आता पुढे काय?

कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्या आणि दिल्याची नोंद फाईलमध्ये करायला सांगा. आई स्वतः निर्णय सांगू शकत असेल, तर तिचा शब्द कागदाच्या वर. ती बोलू शकत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल, तर हॉस्पिटल पहिलं वैद्यकीय मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. त्यांचं मत शक्यतो ४८ तासांत यायचं असतं. मग दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले किमान दोन तज्ज्ञ, तेही शक्यतो ४८ तासांत. कागदात नाव असलेल्यांची संमती घेतली जाते आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवलं जातं. कळवायचं असतं, परवानगीची वाट बघायची नसते. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय, म्हणजे आपल्याला पर्वरी.

या चार-पाच दिवसांत आईला वेदनाशमन पूर्ण मिळतंय ना, हे रोज विचारा. मंडळं बसेपर्यंत तिने त्रास काढावा असं कुठल्याही आदेशात लिहिलेलं नाही.

१२. कागदच केला नव्हता. आता काहीच करता येणार नाही?

येतं. तीच दोन मंडळं बसतात; फरक इतकाच की संमती जवळचे नातेवाईक लेखी देतात.

अरुणा शानबाग यांची आठवण इथे होते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्या १८ मे २०१५ रोजी गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. पडून असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे किती अवघड आहे, ते मला माहीत आहे. मार्च २०११ मध्ये कोर्टाने त्यांचं अन्न थांबवायला नकार दिला, परिचारिकांचं म्हणणं मानलं आणि त्याच निकालात उपचार थांबवण्याचा मार्ग देशात पहिल्यांदा उघडला. मी त्या परिचारिकांच्या बाजूची आहे. तरीही मला राहून राहून वाटतं, अरुणाताईंना काय हवं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारायला हवं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. आपल्या घरात ते शक्य आहे.

१३. भाऊ बोटीवर आहे. फोनवर ओरडतोय, "मी येईपर्यंत काही बंद करायचं नाही, सगळं करा!"

गोव्यातल्या निम्म्या घरांत हा भाऊ असतो, कधी बोटीवर, कधी लंडनला, कधी आखातात. त्याच्यावर चिडू नका. तुम्ही सहा महिने वडिलांना रोज थोडं थोडं जाताना बघितलंय. त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा ते अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. त्याला व्हिडिओ कॉलवर वडील दाखवा, नळ्यांसकट. डॉक्टरांना त्याच्याशी थेट बोलायला सांगा.

मधला मार्ग पुष्कळदा उपयोगी पडतो: "७२ तास सगळे उपचार करू, काय सुधारलं तर चालू ठेवू याच्या खुणा आज ठरवू, नाही सुधारलं तर थांबू." एवढ्यात तो पोहोचतोही. कागदात ज्याचं नाव आहे त्याची संमती कायद्याने मोजली जाते, पण भाऊ आयुष्यभर त्याच घरात येणार आहे, हेही लक्षात ठेवा.

१४. डॉक्टर म्हणाले "आता घरी न्या". सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जवर सही मागतायत. करावी का?

घरी नेणं वाईट नाही, पुष्कळांना तेच हवं असतं. वाईट आहे ते रिकाम्या हाताने पाठवणं. एका हॉस्पिटलमधून रुग्णाला असं पाठवलेलं मी पाहिलंय: मुलगा ॲम्ब्युलन्समध्ये हाताने श्वास देणारा फुगा दाबत बसलेला, त्याला सांगितलेलं की घरी पोहोचल्यावर सोड. वेदनेचं औषध काही नाही. त्या मुलाला अजून वाटतं की बाप आपल्या हातून गेला.

हॉस्पिटलने थांबवायचं ते हॉस्पिटलने, योग्य मार्गाने थांबवावं (प्रश्न ११ आणि १२). तुम्ही नेणार असाल तर सही करण्याआधी हे मागा: मॉर्फिन आणि ते कसं द्यायचं याची चिठ्ठी, धाप आणि घाबरेपणावरचं औषध, लघवीची नळी असेल तर ती कधी बदलायची, आजार शेवटच्या टप्प्यात असल्याचं डॉक्टरांच्या लेटरहेडवर, आणि रात्री फोन उचलणाऱ्या एका माणसाचा नंबर. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी लोटलीला शांती अवेदना ही संस्था आहे, पैसे घेत नाहीत, जातधर्म विचारत नाहीत. तिथे नेणं म्हणजे टाकून देणं नव्हे.

१५. बाबांना डिमेन्शिया आहे, जेवत नाहीत. नाकात नळी घालावी का?

स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही आणि अन्न फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही, असा वैद्यकाचा अनुभव आहे. उलट ते नळी उपटतात आणि मग हात बांधावे लागतात. चमच्याने, हवं तेवढंच, बसवून भरवणं चांगलं. पेज, नाचणीचं सत्त्व, आंब्याचा रस. तोंड फिरवलं की थांबा. हाताने भरवणं हा उपचार नाही, त्यामुळे ते 'बंद करण्याचा' प्रश्नच येत नाही; घास पुढे करत राहायचा, कोंबायचा नाही.

अवघड भाग पुढे आहे. बाबांनी शहाणे असताना लिहिलं, "मी माणसं ओळखेनासा झालो तर अँटिबायोटिकसुद्धा नको." आज ते ओळखत नाहीत, पण रेडिओवर नाट्यगीत लागलं की ताल धरतात. कुठल्या बाबांचं ऐकायचं? मी म्हणेन, ताल धरणाऱ्या माणसाच्या साध्या तापावर औषध द्या. आयसीयूत नेऊ नका. हे माझं मत आहे. तुमच्या कुटुंबाने दुसरं ठरवलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

१६. मला कॅन्सर नाही, पण जगायचा कंटाळा आलाय. मला हा कागद करता येईल?

कागद कुणालाही करता येतो, पण तुम्ही मागताय ते त्यात नाही. तो असाध्य आजारात, बोलता येत नसताना लागू होतो. मनोविकारावरचे उपचार कसे व्हावेत याचं पूर्वनिवेदन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, ती वेगळी गोष्ट. तुम्ही मात्र आज रात्रीच कुणाशी तरी बोला. १४४१६ हा टेलि मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मोफत. फोन करायचं धाडस होत नसेल तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा.

१७. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मला तिथला कायदा लागू होईल का? किंवा स्वित्झर्लंडला गेलो तर?

गोव्याच्या मातीवर भारतीय कायदा, पासपोर्ट कुठलाही असो. पोर्तुगालने मे २०२३ मध्ये इच्छामरणाचा कायदा जाहीर केला, पण नियमावलीअभावी तो अमलात आला नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थ नसताना आत्महत्येला केलेलं साहाय्य गुन्हा नाही आणि परदेशी लोक तिथे जातात. पण सोबत जाणारा भारतीय नातेवाईक परत आल्यावर प्रश्न २ मधल्या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. कुणाला सोबत घेण्याआधी वकिलाशी बोला.

१८. उपचार थांबवले तर मृत्यूच्या दाखल्यावर आत्महत्या लिहितील का? पोलीस येतील का?

नाही. दाखल्यावर मूळ आजार लिहिला जातो. प्रक्रिया पाळली असेल तर पोलिसांचा संबंध नाही. आजार मुळात अपघाताचा असेल, तर पोलीस केस आधीपासून असतेच आणि शवविच्छेदन होऊ शकतं, त्याची तयारी ठेवा.

१९. घरी आहे, आता फक्त झोपून असते. पाणी पाजावं का? गंगाजळ तरी? आणि गेली की कुणाला बोलवायचं?

शेवटच्या दिवसांत शरीर पाणी मागत नाही, पण तोंड सुकतं आणि त्याचा त्रास होतो. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून, पिळून ओठांवर आणि हिरड्यांवर फिरवा, तासातासाने. ओठांना थोडं खोबरेल. गिळता येत नसताना चमच्याने पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि ती गुदमरते. म्हणून गंगाजळ त्याच बोळ्याने, तुळशीचं पान ओठांवर. सलाईन लावायचा हट्ट धरू नका, त्याने पायांना सूज येते आणि घशात घरघर वाढते. घरघर ऐकवत नसेल तर तिला कुशीवर वळवा, पाठीमागे उशी लावा. नाव घेऊन बोलत राहा.

शेवटी श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. ते बघून कुणीतरी घाबरून १०८ ला फोन लावतो आणि मग तिला नको असलेलं सगळं सुरू होतं. कुणी लावायचा नाही, हे आदल्या दिवशी घरात ठरवा. गेल्यावर तिला ओळखणाऱ्या डॉक्टरला बोलवा, ते प्रमाणपत्र देतील. पंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद २१ दिवसांत करायची. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका, जिथून आणलं तिथे परत करा आणि पोच घ्या.